बायच्या पदराची पट्टी

बाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या शालूला पिको करत होते. पडघ्याच्या बाजारात माझं फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे आणि लग्नसराईत गिऱ्हाईक समोर स्टुलावर ठाण मांडून बसतं, साडी हातात पडल्याशिवाय उठत नाही. फोनवर माझे यजमान होते. म्हणाले, "घरी ये. बाय उठत न्हाय." मी म्हटलं, "झोपली असेल, दुपारची झोपते ती हल्ली." त्यावर त्यांनी फोनच ठेवला... आमचे हे एरवी फोनवर इतके बोलतात की समोरच्याचा कान दुखावा. त्यांनी असा मध्येच फोन ठेवला तेव्हा मला समजलं. तरी मी ती शिवण टोकापर्यंत नेली. का ते विचारू नका. मध्येच थांबवलं की दोरा गुंततो, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. मग मशीनवर कापड टाकलं, शटर ओढलं आणि रिक्षात बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, गोदामांपुढे ट्रक. आमच्या गावाच्या वळणावर जे सगळ्यांत मोठं निळ्या पत्र्याचं गोदाम आहे, तिकडे मी त्या दिवशी मुद्दाम पाहिलं नाही.

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव यमुना, पण घर काय आणि गाव काय, सगळेच तिला बाय म्हणत. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या आणि घराच्या, गोठ्याच्या चाव्या बायच्या कमरेला होत्या. मी भिवंडीच्या निजामपुऱ्यात वाढलेली. आमच्या गल्लीत दिवसरात्र कापडाच्या लूमचा खडखडाट. लूम बंद पडले की आम्हां पोरांना झोपेतून जाग यायची, इतकी त्या आवाजाची सवय. आणि हिरवं म्हणाल तर भाजीवाल्याकडची कोथिंबीर. अशी मी, पडघ्याच्या अलीकडे आत असलेल्या या गावात येऊन पडले. गोठ्यात गाई, म्हशी, एक बैलजोडी आणि मागच्या दारी उभं राहिलं की समोर पसरलेला माळ. सरकारी कागदात त्याला गुरचरण म्हणतात. तो कुणा एकाचा नाही, गावातल्या सगळ्या जनावरांचा. पावसाळ्यात हिरवागार आणि होळी झाली की नुसता तापलेला कातळ. पाणी नाही, सावली नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी बायला म्हटलं होतं, "इथे गुरं काय दगड खातात का?" बाय हसली. "दगडच खातात गो. पन पावसात राखला तर दगडबी गोड लागतो."

राखणं म्हणजे काय ते मला त्याच वर्षी आषाढात कळलं. सकाळी बाय अंगावरच्या चांगल्या जांभळ्या साडीचा पदर सोडून ओट्यावर बसली आणि दातांनी त्याचं टोक धरून टर्रकन पट्टी फाडली. चांगली वीतभर रुंद. माझी आई गल्लीत कपडे शिवायची. फाटलेलं जोडायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. धडधाकट पदर फाडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि किंचाळलेच. "अहो बाय, जुनं धडुतं घ्या ना काहीतरी! नाहीतर निदान आतल्या टोकाचं फाडा, कुणाला दिसणार नाही." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही खुळ्यासारखं बोलले. म्हणाली, "आतलं टोक मी एकटी वळखते. पदर सगला गाव वळखतो."

मग ती मला माळावर घेऊन गेली. विहिरीवर जमलेल्या बायका पुढे चालत होत्या. आमच्या आळीतल्या, खालच्या आळीतल्या, आणि बौद्धवाडीतल्या कमलताई, ज्यांच्याकडे तेव्हा नुसत्या शेळ्या होत्या पण माळावर ज्यांचा शब्द बायच्या खालोखाल चालायचा. सगळ्यांनी मिळून अख्खा माळ पायाखाली घातला. घोट्याएवढं गवत वर आलं होतं. कुठे गुरांच्या आवडीचा पवना कमी झालाय, कुठे टोचरी कुसळी माजलीय, ते वाकून वाकून बघत होत्या. कुसळी माजली म्हणजे त्या जागेवर गुरांचा पाय जास्त पडला, तिला यंदा विश्रांती हवी. माळाचे दोन भाग, एक ओहळाकडचा, एक माळावरच्या देवाकडचा. दोघींतिघींचं भांडण झालं, कमलताईंनी एकीला गप्प केलं, आणि ठरलं की यंदा ओहळाकडचा बंद. मग बायने ती जांभळी पट्टी आणखी बारीक फाडून हद्दीवरच्या करवंदीच्या जाळ्यांना एकेक चिंधी बांधली. झालं. ना कुंपण, ना राखणदार. त्या चिंध्यांच्या पलीकडे दसरा होऊन गवताचं बी गळेपर्यंत कुणाचं जनावर जायचं नाही. नंतर एक दिवस ठरवून सगळ्या बायका विळे घेऊन उतरायच्या, गवत कापायचं, भारे बांधायचे आणि गुरं ज्यांच्या घरी आहेत त्या प्रत्येक घरी भारा पोचायचा. एकच शेळी असलेल्या म्हातारीलासुद्धा. तेच गवत होळीनंतर गुरांच्या तोंडी लागायचं. दगड गोड लागायचा तो असा.

ही सगळी कारभारीण मंडळी बायकाच. पुरुषांना विचारलं तर ते म्हणायचे, "ते बायकांचा हाय," आणि पानाला चुना लावायचे. गुरं विकायची, बैल घ्यायचा, ते पुरुषांचं. पण गुरांनी खायचं काय, कुठे आणि कधी, ते बायकांचं. ते कुणी ठरवून दिलं नव्हतं, कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. सासूबाईंच्या आधीपासून तसंच चालत आलेलं. चिंध्या जिच्या पदराच्या, तिचं नाव त्या वर्षी माळाला. कुणी जनावर घुसवलं तर ती बाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटणारच. तिथे तोंड द्यायचं म्हणजे गंमत नव्हती. शिक्षा एकच, जिचं जनावर घुसलं, कापणीच्या दिवशी सगळ्यांचा चहा तिने करायचा. एका वर्षी बायचीच कपिला गाय दावं तोडून बंद माळात शिरली आणि पोटभर चरून डुलत डुलत परत आली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बायने कापणीच्या दिवशी माळावर चूल मांडली, मोठ्या टोपात गुळाचा चहा केला आणि प्रत्येकीला स्वतः नेऊन दिला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शेवटी कमलताई म्हणाल्या, "साखर कमी हाय." तेव्हा कुठे बायला हसू फुटलं, आणि मग आम्ही सगळ्याच पोट धरून हसलो. कपिलासुद्धा तिकडून हंबरली.

दरवर्षी बायचीच एक साडी फाटायची. बाय ती माझ्याकडे आणून टाकायची, "कर तुझा पिको." मी फाटलेल्या कडेला शिलाई घालून द्यायची आणि दरवर्षी बडबडायची, की बाय, तुमचा पदर आता खांद्यावरून जेमतेम उतरतो, लग्नाकार्यात बरं दिसत नाही. ती म्हणायची, "मना कोन बघनार हाय?" खरं तर तिला चांगल्या साड्यांची हौस होती. भिवंडीच्या बाजारात गेली की एकेक साडी अंगावर लावून आरशात बघायची, दुकानदाराला दमवायची. आणि घ्यायची ती कायम ठसठशीत रंगाची, लांबून ओळखू येईल अशी. आता कळतं, ती निवडतानाच आषाढाचा विचार करत असणार.

मग गोदामं आली. आधी ती भिवंडीजवळच्या पूर्णा वगैरे गावांत होती, आम्हाला त्यांचं काही वाटायचं नाही. उलट पोरांना ड्युटी मिळाली, शिफ्टच्या गाड्या गावात यायला लागल्या. मग गोदामं आमच्याकडे सरकत आली. ज्यांची शेतं गेली त्यांनी गुरं विकली, बंगले बांधले. विहिरीवर जमणाऱ्या बायका कमी झाल्या. पण माळ होता, बाय होती, आणि अजून बऱ्याच घरी गुरं होती. त्यातच एक दिवस ग्रामपंचायतीतून निरोप आला की गुरचरणाची पाहणी करायला उद्या साहेब येणार आहेत. कशासाठी ते कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणालं जमीन कुठल्याशा कामाला देणार, कुणी म्हणालं नुसती मोजणी. श्रावण संपत आला होता, माळ ऐन भरात होता.

त्या संध्याकाळी बायने स्वतः गावाला निरोप दिला. ती घरोघर फिरली. प्रत्येकीच्या दारात उभी राहून सांगितलं, "उद्या कुनाचा ढोर सुटाचा न्हाय. बंद बाजूला न्हाय, नि उघड्या बाजूला पन न्हाय. साहेब रान बघाला येतोय, रान नीट दिसाला पायजे." पाहुणा येणार म्हटल्यावर आपण ओटा सारवतो, पोरांचं नाक पुसतो, तसं तिने माळाचं केलं. सकाळी बायकांनी वाटेवरचं शेणसुद्धा उचललं. चांगल्या साड्या नेसून, करवंदीच्या चिंध्या नीट ताठ करून त्या देवाजवळ उभ्या राहिल्या. मीही दुकान बंद ठेवून गेले होते. माळावर एक जनावर नव्हतं. एवढा सुंदर मी तो कधी पाहिला नव्हता. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकत होतं आणि सगळ्या बायकांच्या तोंडावर असा अभिमान, की आता मुलीला बघायला आलेले पाहुणे पसंती सांगूनच जाणार.

साहेब चांगला माणूस होता. तरुण, घाईत असलेला, पण अदबीने बोलणारा. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "इथे गुरं चरतात का?" पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. बाय पुढे झाली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "न्हाय साहेब. आमी चरूच देत न्हाय. एक जनावर दिसनार न्हाय तुमाला, कुठंबी फिरा." साहेबाने मान हलवली. "छान ठेवलंय," म्हणाला. खिशातलं पेन काढलं, काहीतरी लिहिलं, बायने आणलेलं ताक प्यायला आणि गेला. बाय घरी येईपर्यंत नुसती हवेत होती. "आयकलास ना सुरेखे? छान ठेवलाय बोलला."

दिवाळीच्या आधी कळलं. पाहणीत जमीन रिकामी आढळली, चराईसाठी वापर दिसून आला नाही, तेव्हा ती दुसऱ्या कामाला द्यायला हरकत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लावला होता. तो मीच बायला वाचून दाखवला. तिने मला तो परत वाचायला लावला. मग म्हणाली, "पन मी तर त्याला सांगितला." बराच वेळ तेवढंच म्हणत होती... "मी तर त्याला सांगितला."

आम्ही कचेरीत गेलो. बाय, कमलताई, मी आणि आणखी चौघीजणी. तिथल्या माणसाने आम्हाला बसायला सांगितलं, ऐकूनही घेतलं. बाय त्याला समजावत होती की साहेब, राखतो म्हणून तर चारा राहतो, पावसात जनावर आत सोडलं तर उन्हाळ्यात खायचं काय? तो म्हणाला, "आजी, पण पाहणीच्या वेळी तुम्हीच सांगितलंत ना, गुरं चरत नाहीत म्हणून?" हे खोटं नव्हतं. तिथे कुणी खोटं बोललंच नव्हतं. बाय खुर्चीवरून उठली. तिच्यामागे आम्हीही उठलो आणि तशाच जिना उतरून रस्त्यावर आलो. कुणाशी भांडायचं तेच कळेना.

दुसऱ्या वर्षी तिने एक केलं. मला वाटतं त्यातच ती अर्धी गेली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की परत पाहणी होणार आहे, गुरं चरताना दिसली तर निकाल फिरेल. त्या वर्षी देवाकडची बाजू बंद होती, पिवळ्या साडीच्या चिंध्या होत्या. भाद्रपदात, गवतात बी धरायला लागलेलं असताना, बाय एकटी माळावर गेली आणि तिने स्वतःच्या हातांनी एकेक चिंधी सोडली. मग गावात येऊन म्हणाली, "सोडा गुरं. दोनी बाजूला सोडा." कमलताई तिला अडवायला आल्या. "यमुने, बी न्हाय गललं अजून." बाय म्हणाली, "मना दिसत न्हाय का ते?" आणि आधी स्वतःची गुरं हाकलत नेली. गंमत म्हणजे गुरंच थबकली. पावसात ज्या रेषेपलीकडे कधी गेली नव्हती, तिथे येऊन उभी राहिली. बायने काठी मारून मारून त्यांना आत घातलं... कपिलाच्या कालवडीला तिने कधी काठी लावली नव्हती. गावातल्या सगळ्या गुरांनी बंद माळ तुडवला. रोज बाय देवाजवळ वाट बघत बसायची, कोणी साहेब येईल, बघेल. कुणीच आलं नाही. बी मातीत पडायच्या आत गवत संपलं आणि त्या उन्हाळ्यात ना गंजी रचली, ना कुणाच्या घरी भारा गेला. पेंढा विकत आणला, तो पुरला नाही. होळीच्या आसपास निम्म्या गावाने गुरं विकून टाकली. आमच्याही गोठ्यात एकटी कालवड उरली.

त्यानंतर मुरूम पडला, खांब आले, पत्रा आला. करवंदीच्या जाळ्या एका सकाळी मशीनने उपटल्या. ज्यांनी जागा घेतली त्यांना तरी काय ठाऊक असणार की जाळ्यांना चिंध्या बांधायच्या असतात? बाय संध्याकाळी कालवडीला घेऊन गोदामाच्या फाटकापर्यंत जायची आणि उभी राहायची. तिथला वॉचमन उत्तरेकडचा, बिचारा खुर्ची द्यायचा. "अम्मा, रोज इधर क्या देखती हो?" बाय आपल्या हिंदीत सांगायची, "घास देखती." तो डांबराकडे बघायचा आणि म्हणायचा, "घास तो नहीं है, अम्मा." ती म्हणायची, "हां. न्हाय हाय." हे मला त्यानेच नंतर सांगितलं, बाय गेल्यावर घरी येऊन.

मी तिला काय देऊ शकत होते? दिवाळीला भिवंडीहून एक साडी आणली. पोपटी, मरून काठाची, तिच्या आवडीची ठसठशीत. नेसली, आरशात बघितलं, म्हणाली, "बेस हाय." पुढच्या आषाढात एका सकाळी ती तीच साडी नेसून ओट्यावर येऊन बसली आणि पदर हातात धरून बघत राहिली. मी आतून पाहत होते. वाटलं आता फाडेल. खरं सांगते, मला वाटत होतं तिने फाडावी, मग मी ओरडेन आणि मग पिको करून देईन. ती पदराची कड बोटांनी चाचपत बसली... आणि मग डोक्यावर घेऊन उठली. शेण काढायला गोठ्यात गेली.

शेवटचे काही महिने ती एकच विचारायची. जेवताना, भाजी निवडताना, कधीही. "सुरेखे, तो बोलला चरतात का. मी न्हाय बोलले. तिथंच चुकला ना?" मी म्हणायची, "नाही बाय, तुम्ही खरं तेच बोललात." ती ऐकायची आणि दोन दिवसांनी परत विचारायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाय, तुम्ही हो म्हणाला असतात तरी त्यांनी घेतलीच असती जमीन!" तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला ठावं हाय का नक्की?" मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. ती गेली त्याच्या आदल्या रात्रीही जेवताना तिने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं.

बाराव्याला तिच्या साड्या वाटल्या. बायका आल्या, उरल्यासुरल्या सगळ्या. ट्रंक उघडली आणि एकेक साडी बाहेर निघाली, प्रत्येकीचा पदर वीतभर तोकडा, प्रत्येकीवर माझी शिलाई. कुणी रंग बघितला नाही, कापड बघितलं नाही. जांभळी बाहेर आल्यावर कमलताई म्हणाल्या, "ही ओहलाकडची. सुरेखा नवी आलेली तेवाची." एकीने हिरवी उचलली, "ही देवाकडची, माझ्या म्हशीला रेडी झाली त्या सालची." अशा वाटून घेतल्या. प्रत्येकीने आपल्या आठवणीतला माळ घडी करून नेला. पिवळी मात्र कुणी उचलेना. शेवटी कमलताईंनीच ती पिशवीत घातली. पोपटी माझ्यासाठी राहिली, मी आणली होती म्हणून.

आता आषाढ लागलाय. काल मी ती साडी पहिल्यांदा नेसले. बायची साडी म्हणून हात तोकड्या पदराच्या अंदाजाने निऱ्या घालत होते, तर खांद्यावर घेतल्यावर पदर खाली पार गुडघ्यापर्यंत आला. तिच्या इतक्या साड्यांना मी कड घातली, म्हणून आधी टोक हातात घेतलं आणि शिलाई शोधली. शिलाई नव्हती. दुकानातून आणली तशी आहे. पुरी आहे साडी, कुठे काही कमी नाही.